पडद्यावरचा बर्फ

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणून ठेवलेला हा विषय. निमित्त घरगुती आहे, पण गोष्ट १९८१ सालच्या फ्लोरिडात सुरू होते आणि सांगलीच्या मार्केट यार्डात येऊन थांबते. तेव्हा चहा घेऊनच बसा.

तर झालं असं. मला जुने संगणक जमवण्याचा नाद आहे (घरच्यांच्या भाषेत, भंगार). मागच्या दिवाळीत एका बंद पडलेल्या छापखान्यातून एक एक्सटी मिळाला. आयबीएमचा अस्सल नव्हे, ऐंशीच्या दशकात आपल्याकडे सुटे भाग आणून जोडत तसला. सोबत नऊ पिनांचा रंगीत मॉनिटर आणि आत सीजीए कार्ड. सीजीए म्हणजे कलर ग्राफिक्स अडॅप्टर, पीसीच्या इतिहासातलं पहिलं रंगीत कार्ड. पुसून-झटकून बटण दाबलं, फ्लॉपीने घरघर केली, आणि डॉसचा प्रॉम्प्ट आला. त्या क्षणाचा आनंद ज्याला कळतो त्याला कळतो, बाकीच्यांना समजावण्यात अर्थ नाही.

आनंद अर्धा तास टिकला. पडदा अक्षरांनी भरणारा एक छोटा प्रोग्रॅम चालवला आणि पडद्यावर बर्फ पडायला लागला. पांढरे, रंगीत ठिपके, छोट्या आडव्या रेघा, क्षणभर चमकून नाहीशी होणारी भलतीच अक्षरं. प्रोग्रॅम थांबला की पडदा स्वच्छ. पुन्हा चालवला की पुन्हा हिमवर्षाव.

पहिला संशय मिक्सरवर. आत चटणी वाटणं चालू होतं, आणि लहानपणी मिक्सर लावला की टीव्हीवर मुंग्या यायच्या हे आपल्या पिढीला पाठ आहे. मिक्सर थांबला, बर्फ थांबला नाही. मग केबल बदलली. मग कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासले. मग पॉवर सप्लायमधले फुगलेले दोन कपॅसिटर बदलले, त्यात एक रविवार गेला. (मॉनिटरच्या आत मात्र हात घालू नका. बंद केल्यावरही त्यात हजारो व्होल्ट मुरून बसलेले असू शकतात.) शेवटी संशय कार्डावरच्या मेमरीवर आला. एक छोटी चाचणी लिहिली: पडद्याच्या मेमरीत चार हजार बाइट लिहायचे, परत वाचायचे, ताडून बघायचे. शंभर वेळा केलं, एकही चूक नाही. म्हणजे मेमरीत सगळं बरोबर, आणि डोळ्यांना दिसतंय ते चूक! इथे माझी गाडी अडली.

त्याच आठवड्यात सांगलीहून काका आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, ऐंशीच्या दशकात स्वतःच्या हिमतीवर टर्बो पास्कल शिकून व्यापाऱ्यांना प्रोग्रॅम लिहून देणारा माणूस. मी कौतुकाने मशीन चालू करून दाखवलं. बर्फ पडायला लागला तसे काका गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बंद कर ते. हे मी पाहिलंय."

मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. १९८८ साली त्यांनी मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. शेतकऱ्याच्या मालाची पट्टी करायची: वजन, भाव, हमाली, तोलाई, अडत, सगळं वजा करून छापील कागद हातात. काकांनी तो घरच्या मशीनवर लिहिला. ते एकरंगी होतं, हर्क्युलिस पद्धतीच्या कार्डाचं. महिनाभर घरी चालवून पाहिला, कुठे चूक नाही. शेठना मात्र दुकानात रंगीत पडदा हवा होता. ते मशीन काकांच्याच एका शाळासोबत्याने विकलं. आणि पहिल्याच दिवशी, सगळ्या दुकानासमोर, पडद्यावर बर्फ.

काका म्हणाले मशीन खराब आहे. मित्राने काही न बोलता डॉसमध्ये डीआयआर टाइप केलं. फायलींची यादी स्वच्छ आली. मग काकांचा प्रोग्रॅम चालू केला. बर्फ. पुन्हा डीआयआर, स्वच्छ. दुकानातल्या हमालालाही कळेल असा पुरावा होता. शेठनी पाच हजारांतले दोनच दिले, बाकीचे "दुरुस्त करून आणा, मग बघू" म्हणून ठेवून घेतले. काकांना दुरुस्त काय करायचं तेच कळलं नाही, कारण घरच्या मशीनवर चूक दिसतच नव्हती. मित्राशी बोलणं बंद झालं ते झालंच.

मला काकांचं वाईट वाटलं हे खरं, पण त्याच वेळी डोक्यात दिवा पेटला हेही खरं. डीआयआर स्वच्छ, प्रोग्रॅम खराब. माझ्याही मशीनवर अगदी असंच होत होतं. काका झोपल्यावर मी 'मोड सीओ४०' ही आज्ञा देऊन पडदा ऐंशीऐवजी चाळीस अक्षरांच्या ओळीवर आणला आणि तसाच प्रोग्रॅम चालवला. बर्फ गायब! तेव्हा कळलं की मी दोन रविवार एका धडधाकट कार्डावर उपचार करत होतो.

आता इतिहास. आयबीएमचा पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या गटाने तो साधारण वर्षभरात उभा केला. एवढ्या थोड्या वेळात काम करायचं तर सगळं स्वतः बनवणं शक्य नव्हतं, म्हणून बाजारात मिळणारे भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, पडदा चालवायला मोटोरोलाची ६८४५ ही चिप. पडद्यासाठी दोन कार्डं होती. एक एमडीए, कचेरीसाठी, एकरंगी, ४ केबी वेगवान स्टॅटिक मेमरीचं. दुसरं सीजीए, रंगीत, १६ केबी स्वस्त डायनॅमिक मेमरीचं. गंमत बघा, सगळ्यात स्वस्त पीसीमध्ये मुख्य मेमरीही १६ केबीच होती. म्हणजे कार्डावर अख्ख्या संगणकाएवढी मेमरी. तिथे पैसे वाचवणं भागच होतं.

सीजीए घरच्या टीव्हीलाही जोडता यावं अशी योजना होती. म्हणून संगणकाचा मुख्य स्फटिक १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे अमेरिकन टीव्हीच्या रंग-संकेताच्या बरोबर चौपट. त्याला तीनने भागलं की प्रोसेसरचा ४.७७ मेगाहर्ट्झ हा चमत्कारिक वेग निघतो. एका टीव्हीच्या सोयीसाठी अख्ख्या संगणकाचं घड्याळ लावलं गेलं. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा, त्यामुळे या सोयीचा आपल्याला उपयोग शून्य.

आता बर्फ का पडतो ते बघू. लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. एका ओळीत ऐंशी पानं. वाढपी चालत निघालाय आणि त्याला थांबायची परवानगी नाही. प्रत्येक पानाशी त्याला पातेल्यात दोनदा हात घालायचाय, एकदा भातासाठी, एकदा वरणासाठी. सीजीएचं असंच आहे. दर अक्षरासाठी दोन बाइट वाचायचे, एक अक्षर कोणतं याचा, दुसरा त्याचा रंग कोणता याचा. वेळ किती? एका अक्षराला ०.५६ मायक्रोसेकंद. त्या स्वस्त मेमरीला तेवढ्यात दोन वाचनं जेमतेम जमतात, तिसऱ्याला जागाच उरत नाही.

आणि पातेलं एकच. आचाऱ्यालाही, म्हणजे प्रोसेसरला, त्यातच हात घालायचा असतो, आणि मान आचाऱ्याचा. त्याने पळी घातली की त्या क्षणी वाढप्याच्या हाती जे लागेल ते तो पानात टाकतो आणि पुढे जातो. एका पानावर भाताऐवजी लोणचं पडतं. तोच बर्फाचा एक ठिपका. पुढच्या फेरीत, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात, ते पान पुन्हा नीट वाढलं जातं, म्हणून ठिपका चमकून जातो. पातेल्यातलं अन्न मात्र कधीच बिघडलेलं नसतं. माझ्या शंभर चाचण्या बरोबर आल्या त्या यामुळे. चाळीस पानांच्या पंगतीत वाढप्याला दुप्पट वेळ मिळतो आणि आचाऱ्यालाही सवड सापडते, म्हणून तिथे बर्फ नाही. सीजीएच्या ग्राफिक्स मोडमध्येही नाही, कारण तिथेही मेमरी निम्म्याच वेगाने वाचावी लागते.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी की ठिपका तुम्ही जिथे लिहिता तिथे पडत नाही. त्या क्षणी पडद्यावरचा किरण जिथे असेल तिथे पडतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग डीआयआर स्वच्छ कसं? कारण डॉस स्वतः पडद्याच्या मेमरीला हात लावत नाही, ते बायोसला सांगतं. आणि बायोस लिहिणाऱ्यांना आपल्याच कार्डाची खोड माहीत होती. वाढपी ओळ संपवून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत येतो तेव्हा पातेलं मोकळं असतं. कार्डावर ३डीए या (हेक्साडेसिमल) पत्त्याचं एक पोर्ट आहे, त्याचा शून्याव्या क्रमांकाचा बिट '१' असला की समजायचं, आता हात घाला. बायोस तेवढा वेळ थांबून मगच लिहितो. पडदा वर सरकवताना तर तो चक्क क्षणभर पडदा बंद करतो, काम उरकतो आणि परत चालू करतो. सीजीएवर डॉसची यादी सरकताना पडदा लुकलुकतो ना, ते हेच.

हे गुपित नव्हतं. आयबीएमने आपल्या टेक्निकल रेफरन्स पुस्तकात बायोसची अख्खी यादी छापली होती, ही वाट बघण्याची युक्तीही त्यात होतीच. ज्याच्या हाती ते पुस्तक होतं त्याच्यासाठी प्रश्न मिटला.

पण थांबण्याची किंमत होती. हिशोब करून बघा. सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी. प्रत्येक ओळीमागे सवड साधारण १९ मायक्रोसेकंदांची, म्हणजे ४.७७ मेगाहर्ट्झवर प्रोसेसरचे नव्वदेक ठोके. त्यातले कितीतरी नुसते पोर्ट बघण्यात जातात. ओळीमागे एक अक्षर आणि त्याचा रंग लिहून झाला तरी खूप. दोन हजार अक्षरांचा पडदा भरायला सेकंदाचा आठवा भाग. बर्फाची पर्वा न करता सरळ लिहिलं तर हेच काम कितीतरी पट लवकर होतं. शिवाय बायोसमार्फत एकेक अक्षर लिहायचं म्हणजे आणखी रखडणं. त्यामुळे ज्यांना वेग हवा होता ते बायोसला बगल देऊन थेट मेमरीत लिहू लागले. जानेवारी १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ च्या यशात हा वेग मोठा होता. पुढे तर दुसऱ्या कंपनीचा संगणक 'आयबीएम कम्पॅटिबल' आहे की नाही हे लोटस आणि फ्लाइट सिम्युलेटर चालवून ठरवत.

याचा परिणाम असा की बी८०० हा पडद्याचा पत्ता कायमचा झाला. आपल्यापैकी ज्यांनी टर्बो सी वर इंजिनिअरिंग काढलं त्यांना आठवेल, फार पॉइंटर घेऊन या पत्त्यावर अक्षर टाकायचं आणि पडद्यावर उमटलं की स्वतःला हॅकर समजायचं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकांतून ही युक्ती कितीजण शिकले असतील! आपल्याला बर्फ दिसला नाही कारण आपल्या नशिबी व्हीजीए होतं. १९८४ चं ईजीए आणि १९८७ चं व्हीजीए, दोन्हींत ही खोड नव्हती. सीजीएच्या बऱ्याच नकलांमध्येही नव्हती. म्हणजे तोच प्रोग्रॅम एका मशीनवर स्वच्छ, दुसऱ्यावर बर्फाळ. बोर्लंडने टर्बो पास्कलच्या सीआरटी युनिटमध्ये 'चेकस्नो' नावाचा एक व्हेरिएबलच ठेवला होता. सीजीएवर रंगीत टेक्स्ट मोड निवडला की तो आपोआप 'ट्रू' होई आणि लिहिण्यापूर्वी वाट बघितली जाई, खोड नसलेली नक्कल असली तरी. मूळ कार्डाची खोड त्याच्या बिनबर्फाच्या नकलांनाही संथ करत राहिली.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. १९८१ साली कार्डावर जे पैसे वाचले ते वाचले नव्हतेच, ते उधार होते. ती उधारी पुढे दशकभर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी फेडली. कोणी चार ओळी जास्त लिहून, कोणी वेग गमावून, आणि कोणी, ज्याला उधारी आहे हेच माहीत नव्हतं त्याने, दुकानभर लोकांसमोर मान खाली घालून.

परत काकांकडे. पुढच्या वेळी सांगलीला गेलो तेव्हा त्यांनी माळ्यावरून प्रोग्रॅमची छापील प्रत काढली, डॉट मॅट्रिक्सवर सलग कागदावर छापलेली. तिचे फोटो काढून आणले आणि जरुरीपुरता भाग माझ्या एक्सटीवर टाइप केला. खिडक्या उघडताना काका चार हजार बाइट एका झटक्यात पडद्याच्या मेमरीत ढकलत होते, टर्बो पास्कलचा 'मूव्ह' वापरून. त्याने क्षणभर बर्फ पडे, पण सतत नाही. सतत पडण्याचं कारण वेगळंच निघालं. काकांनी वरच्या कोपऱ्यात एक चालतं घड्याळ ठेवलं होतं. त्या काळी ते म्हणजे मोठी शान. कळ दाबली जाण्याची वाट बघत प्रोग्रॅम गोल गोल फिरायचा आणि प्रत्येक फेरीत ती आठ अक्षरं लिहायचा. सेकंद बदलला असो वा नसो. सेकंदाला हजारो लेखनं. घड्याळ कोपऱ्यात, बर्फ सगळीकडे, त्यामुळे दोन्हीचा संबंध कोणाला सुचणार?

मी आधी पोर्ट बघून लिहायची पद्धत घातली. पहिल्या प्रयत्नात बर्फ कमी झाला, गेला नाही. दोन चुका होत्या. एक, बिट '१' दिसला की मी लगेच लिहीत होतो, पण ती सवडीची सुरुवात नसून शेपूट असू शकतं. आधी तो '०' होईपर्यंत थांबायचं, मग '१' होईपर्यंत, म्हणजे पूर्ण सवड मिळते. दुसरी चूक, सेकंदाला १८.२ वेळा येणारा टायमर इंटरप्ट नेमका मध्ये घुसत होता. तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद केले आणि पडदा स्वच्छ झाला.

मग मूळ प्रोग्रॅममध्ये दुसरा बदल करून पाहिला. पोर्ट नाही, असेंब्ली नाही, फक्त घड्याळापाशी एक 'इफ'. वेळ बदलली असेल तरच लिही. खिडकी उघडताना किंचित चमक दिसे, एरवी बर्फ नाहीच.

खरं सांगतो, हे काकांना सांगावं का यावर मी दोन दिवस विचार केला. "काका, तुमची काही चूक नव्हती, कार्डच तसं होतं," असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण ते अर्धसत्य झालं असतं. ज्या माणसाने छत्तीस वर्षं कागद जपून ठेवले त्याला अर्धसत्य काय द्यायचं? ते पुन्हा आले तेव्हा तिन्ही प्रकार चालवून दाखवले. आधी मूळ, मग पोर्टवाला, मग 'इफ'वाला. पंगत, वाढपी, सगळं सांगितलं.

काका बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे मशीन बरोबर होतं."

"हो."

"आणि माझा प्रोग्रॅम?"

"बरोबरच होता. पट्टीचा एक पैसा चुकत नव्हता. फक्त तुमच्या घरी ते कळणं शक्य नव्हतं."

"किती ओळी म्हणालास?"

"एक."

"तीन हजारांची एक ओळ झाली रे ती," असं म्हणून ते हसले. मला वाटलं होतं त्यापेक्षा मोकळं हसले. संध्याकाळी त्यांनी कोणाकडून तरी त्या मित्राचा नंबर मिळवला. गॅलरीत जाऊन बोलत होते, मला एवढंच ऐकू आलं, "अरे, ते तुझं मशीन ठीक होतं बरं का.." पुढचं ऐकायला मी थांबलो नाही.

जाता जाता एक. डॉसबॉक्स-एक्स नावाच्या एम्युलेटरमध्ये हा बर्फ मुद्दाम पाडायची सोय आहे. जी खोड घालवण्यात लोकांची उमेदीची वर्षं गेली ती आता जतन केली जाते, आणि ते योग्यच आहे, कारण तिच्याशिवाय त्या काळातला कोड असा वाकडा का लिहिलाय हे कळणार नाही. तुमच्याकडे असं एखादं जुनं कार्ड असेल आणि त्यावर बर्फ पडत असेल तर चिपा उपटण्याआधी चाळीस अक्षरांचा मोड लावून बघा. बर्फ गेला तर कार्ड ठणठणीत आहे. माझे दोन रविवार गेले, तुमचे वाचतील.